जीपीएस चुकतं की नकाशा? गाडी चालवताना मोबाईल रस्ता चुकवत असेल तर काय तपासायचं

१० जानेवारी २०२१, रविवार. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पुण्याहून कळसूबाईच्या ट्रेकला निघालेले तिघे जण अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात रस्ता चुकले होते आणि मोबाईलवर गुगल मॅप्स लावून पुढे जात होते. अ‍ॅपने कोतूळहून अकोल्याकडे जाणारा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. अंधारात ते कळलं नाही आणि गाडी थेट पाण्यात गेली. दोघे कसेबसे बाहेर पडले, पण गाडी चालवणाऱ्या तरुणाचा बुडून मृत्यू झाला.

हा पूल वर्षातले सुमारे चार महिने पाण्याखाली असतो, हे आसपासच्या गावांना माहीत होतं. बाहेरून येणाऱ्याला ते सांगणारा फलक मात्र तिथे नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं.

अशी बातमी आली की 'जीपीएसने घात केला' असं म्हटलं जातं. पण जीपीएस फक्त गाडी पृथ्वीवर नेमकी कुठे आहे एवढंच सांगतं. पुढचा रस्ता चांगला आहे की वाहून गेलाय, हे त्याला कळत नाही. ते काम नकाशाचं, आणि नकाशा माणसांनी दिलेल्या माहितीवर चालतो. म्हणून मोबाईल रस्ता चुकवत असेल, तर आधी नेमकं काय चुकतंय ते ओळखावं लागतं.

चूक तीन प्रकारची असते

पहिली : जागा चुकते. स्क्रीनवरचा निळा ठिपका गाडीच्या खऱ्या जागेवर नसतो. तो शेजारच्या शेतात दिसतो, उड्या मारतो किंवा एकाच ठिकाणी अडकून राहतो. हा दोष मोबाईलचा किंवा सिग्नलचा असतो.

दुसरी : ठिकाण चुकतं. ठिपका बरोबर असतो, पण जिथे पोहोचायचंय ते गाव भलतंच निवडलेलं असतं.

तिसरी : रस्ता चुकतो. ठिपका बरोबर, ठिकाणही बरोबर, पण मधला रस्ता बंद, कच्चा, अरुंद किंवा पाण्याखाली असतो.

पहिल्या दोन चुकांनी वेळ आणि पेट्रोल वाया जातं. जीव सहसा जातो तो तिसऱ्या चुकीने.

ठिपका चुकत असेल तर

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. मोबाईलला आपली जागा काढायला त्यातल्या किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात, आणि ते फार क्षीण असतात. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाईल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. डोंगराचा कडा, दाट झाडी किंवा उंच इमारती मध्ये आल्या की सिग्नल अडतो किंवा आदळून उशिरा पोहोचतो, आणि ठिपका सरकतो. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद या सह्याद्रीच्या कुशीतल्या भागात हा अनुभव येऊ शकतो.

गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवून पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

१. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ पाहा. फिकट निळं वर्तुळ मोठं असेल, तर मोबाईललाच आपल्या जागेची खात्री नाही, असा त्याचा अर्थ. मोकळ्या जागी मिनिटभर थांबलं की ते बहुतेक वेळा लहान होतं.

२. बॅटरी सेव्हर बंद करा. चार्ज वाचवण्यासाठी काही मोबाईल लोकेशन कमी वेळा घेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. ठिपका तीन सेकंद मागे राहिला, तर फाटा ५० मीटर मागे गेलेला असतो.

३. अचूक लोकेशनची परवानगी तपासा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'लोकेशन'मध्ये जाऊन 'लोकेशन अ‍ॅक्युरसी' सुरू आहे ना ते पाहावं. आयफोनमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'लोकेशन सर्व्हिसेस', आणि तिथे नकाशाच्या अ‍ॅपसमोर 'प्रिसाइज लोकेशन' सुरू असावं लागतं. ते बंद असेल तर अ‍ॅपला फक्त अंदाजे परिसर कळतो.

४. दिशा उलटी दाखवत असेल तर कंपास नीट करा. गाडी उभी असताना बाण भलतीकडे तोंड करून असेल, तर मोबाईल हातात धरून हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा काही वेळा फिरवावा. चुंबक असलेलं कव्हर किंवा चुंबकी होल्डर यामुळेही कंपास बिघडतो.

५. मोबाईल ठेवायची जागा बदला. खिशात किंवा गिअरजवळच्या कप्प्यात सिग्नल कमी पोहोचतो. डॅशबोर्डवर, आकाश दिसेल असा होल्डर लावावा, पण तो चालकाच्या नजरेआड येणारा नसावा. उन्हात मोबाईल तापला की त्याचा वेग मंदावतो, कधी तो बंदही पडतो. एसीच्या झोताजवळ तो थंड राहतो.

६. शेवटचा उपाय. एअरप्लेन मोड सुरू करून दहा सेकंदांनी बंद करावा. तरी फरक नसेल तर मोबाईल रीस्टार्ट करावा आणि नंतर अ‍ॅप अपडेट करावं. मोबाईलची तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक'वर असावी.

नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं नाही

हा गैरसमज बराच पसरलेला आहे. उपग्रहाचा सिग्नल आणि मोबाईल कंपनीचं नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाटात नेटवर्क गेलं तरी ठिपका चालत राहतो. बंद होतं ते नकाशाचं डाउनलोड आणि नवा मार्ग शोधणं. त्यामुळे कोऱ्या करड्या स्क्रीनवर नुसता ठिपका फिरताना दिसतो.

यावर उपाय म्हणजे निघण्याआधी घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवणं. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप केलं की 'ऑफलाइन मॅप्स' हा पर्याय मिळतो. तिथे हवा तो भाग चौकटीत घेऊन तो डाउनलोड करता येतो. कळसूबाईला जायचं असेल तर अकोले, संगमनेर आणि इगतपुरी हा सगळा पट्टा घ्यावा. ऑफलाइन असताना वाहतुकीची ताजी स्थिती आणि पर्यायी रस्ते मात्र दिसत नाहीत. म्हणजे आधीच कमी माहिती असलेला नकाशा आणखी मुका होतो.

ठिकाण चुकत असेल तर

अकोले आणि अकोला या दोन नावांत फरक एका मात्रेचा, पण एक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि दुसरं विदर्भात. बोलून शोधताना मोबाईल सहज गफलत करतो. राजूर हे अकोले तालुक्यात आहे, तसंच जालना जिल्ह्यातही आहे. बेलापूर श्रीरामपूर तालुक्यात आहे आणि नवी मुंबईतही. पिंपळगाव तर महाराष्ट्रात किती आहेत याची गणतीच नाही.

त्यात जिल्ह्याचं आणि शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जुन्या पाट्या, जुने पत्ते आणि दुकानांची नावं अजूनही 'अहमदनगर' किंवा नुसतं 'नगर' अशी सापडतात. एका नावाने पत्ता मिळाला नाही, तर दुसऱ्या नावाने शोधून पाहावं.

गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहिला, तर चूक बरीच टळते. 'स्टार्ट' दाबण्याआधी एकूण अंतर आणि वेळ पाहावी. पुण्याहून कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाठायला दहा तास दाखवत असेल, तर ठिकाण चुकलंय. वाडी-वस्तीवर जायचं असेल, तर यजमानांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट लोकेशन मागवणं सगळ्यात सोपं.

रस्ता चुकत असेल तर

नकाशाचं अ‍ॅप सहसा कमी वेळाचा रस्ता निवडतं. तो वेळ ते अंतर, रस्त्याचा प्रकार आणि इतर मोबाईलधारकांच्या हालचालींवरून काढतं. रात्री एखाद्या आडरस्त्यावर कुणीच जात नसेल, तर तो रस्ता 'मोकळा' आहे की 'बंद' आहे, हे ओळखायला अ‍ॅपकडे फारसं काही नसतं.

अकोल्याची घटना एकटी नाही. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये एक गाडी अर्धवट पुलावरून रामगंगा नदीच्या पात्रात कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या बेलापूरला एका महिलेची गाडी पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं.

बेलापूरच्या घटनेत आणखी एक मुद्दा दडलेला आहे. वरचा पूल आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर येतात. जीपीएसला उंची तितकीशी अचूक कळत नाही, म्हणून गाडी वर आहे की खाली यात अ‍ॅप गोंधळतं. अहिल्यानगर शहरातल्या उड्डाणपुलासारख्या ठिकाणी आवाजावर विसंबण्यापेक्षा पाटी वाचावी.

निघण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

वाहनाचा प्रकार. भारतात गुगल मॅप्समध्ये २०१७ पासून दुचाकीचा वेगळा मोड आहे. तो चुकून लावलेला राहिला, तर चारचाकी गल्लीबोळात किंवा पाणंद रस्त्यावर जाऊन अडकते.

टोल आणि हायवे टाळण्याचे पर्याय. मागच्या वेळी 'टोल टाळा' किंवा 'हायवे टाळा' लावलं असेल, तर अ‍ॅप प्रत्येक वेळी आडरस्ता दाखवतं.

सॅटेलाइट दृश्य. मार्ग बोटाने मोठा करून पाहावा. तो नदी, ओढा किंवा धरणाचा फुगवटा ओलांडतो का, आणि तिथे पूल उंच आहे की फरशी पूल आहे, याचा अंदाज येतो. हा फोटो जुना असू शकतो, म्हणून तिथे पूल दिसला तरी आज तो पाण्यावर असेलच असं नाही.

दहा मिनिटांचा मोह. अनोळखी भागात, रात्री किंवा पावसाळ्यात राज्य मार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग सोडून दहा मिनिटं वाचवू नयेत. मुख्य रस्त्यावर माणसं, ढाबे आणि पेट्रोल पंप असतात. विचारायला कुणीतरी भेटतं.

ट्रेकला जाणारे अनेक जण रात्री निघून पहाटे पायथ्याशी पोहोचतात. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर गावातल्या रस्त्यांचे असतात आणि तेव्हा विचारायला कुणी जागं नसतं. मुक्काम ज्यांच्याकडे आहे त्यांना संध्याकाळीच फोन करून 'अकोल्यावरून यायचं की दुसरीकडून, कुठला पूल बंद आहे का' एवढं विचारलं, तर हे अंतर निर्धोक होतं.

रस्त्यावर पाणी दिसलं तर

अ‍ॅप 'सरळ जा' म्हणत असलं तरी थांबावं. वाहतं पाणी साधारण एक फूट खोल असेल, तर बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात. दोन फूट पाणी मोठी एसयूव्हीसुद्धा उचलू शकतं. अंधारात हेडलाइटमध्ये संथ पाणी ओल्या डांबरासारखं दिसतं, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. दिशा दाखवणाऱ्या पाट्या किंवा पुलाचे कठडे मध्येच नाहीसे होत असतील, तर तीच धोक्याची खूण समजावी.

गाडी पाण्यात गेलीच, तर पहिलं मिनिट महत्त्वाचं. सीटबेल्ट सोडावा, पाणी काचेपर्यंत चढण्याआधी खिडकी खाली करावी, लहान मुलांना आधी बाहेर काढावं आणि खिडकीतून बाहेर पडावं. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही, त्यामुळे दाराशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. फोन नंतर. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

कायदा काय सांगतो

गाडी चालवताना मोबाईल हातात धरून बोलणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार रस्ता पाहण्यासाठी मोबाईल वापरता येतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने. म्हणजे होल्डर हवा आणि आवाज सुरू हवा. पत्ता बदलायचा असेल तर ते काम शेजारी बसलेल्याने करावं किंवा गाडी थांबवून करावं.

नकाशा दुरुस्त कोण करणार?

बंद पूल, खचलेला रस्ता किंवा चुकीचं नाव दिसलं, तर ते अ‍ॅपमधून कळवता येतं. गुगल मॅप्समध्ये चुकीच्या रस्त्याची किंवा रस्ता बंद असल्याची नोंद करण्याची सोय आहे. त्यासाठी दोन मिनिटं लागतात. कोतूळच्या पुलावर पाणी आहे, हे परिसरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती माहिती फक्त नकाशावर आणि रस्त्याच्या कडेला लिहिलेली नव्हती. पावसाळ्यात आपल्या गावचा पूल बुडाला की गावच्या ग्रुपवर फोटो टाकला जातोच. तोच बदल नकाशावर कळवला आणि ग्रामपंचायतीकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे फलकाची मागणी केली, तर रात्री दोन वाजता येणाऱ्या अनोळखी माणसालाही ते कळेल.