शमशीर, फिरंग, खांडा, पट्टा: जुनी तलवार कशी ओळखायची?

वाकडी तलवार मुसलमानांची आणि सरळ तलवार मराठ्यांची, असं सिनेमात आणि शाळेच्या नाटकात नेहमी दाखवतात. हा समज चुकीचा आहे. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या अरबी तलवारी सरळ आणि दुधारी होत्या. वाकडं पातं नंतर मध्य आशियातल्या तुर्क घोडेस्वारांबरोबर पसरलं. तलवारीचा आकार धर्मावर नाही, तर लढण्याच्या पद्धतीवर ठरत असे.

आपलं शहर याचा चांगला दाखला आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाली. अंबरच्या फौजेत हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे खांद्याला खांदा लावून लढले. इराणी घाटाची शमशीर, पोर्तुगीजांकडून आलेलं युरोपी पातं आणि इथलं पोलाद, हे सगळं दख्खनमध्ये एकत्र आलं. निजामाच्या मुलखातल्या कोनासमुद्रमचं पोलाद घ्यायला तर इराणचे व्यापारी येत असत.

मुख्य प्रकार (मापं फक्त पात्याची आणि साधारण आहेत)

शमशीर: ७५ ते ८५ सें.मी. पातं अरुंद, एकधारी आणि खूप वाकडं. घोड्यावरून ओढून वार करण्यासाठी.

तलवार: ७० ते ८० सें.मी. बाक शमशीरपेक्षा कमी. मुठीच्या टोकाला गोल कटोरी. मुघल, राजपूत, मराठे, शीख सगळ्यांनी वापरली. वजन साधारण एक किलो.

फिरंग: ८५ ते ९५ सें.मी. सरळ, लांब पातं. पातं युरोपी किंवा त्या धर्तीचं, मूठ मात्र देशी. घोडेस्वाराला लांबून भोसकायला सोयीची.

खांडा: ७५ ते ८५ सें.मी. सरळ, जड, टोकाकडे रुंद होत जाणारा. जोरदार घाव घालण्यासाठी.

पट्टा: बहुतेक ९० सें.मी.च्या पुढे. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ, पातं लवचिक. २०२४ मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

आता दोन प्रसिद्ध तलवारी बघा. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनहून परत आणली. तिचं पातं युरोपी आहे आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'फिरंग' हा शब्द आहे. दुसरी टिपू सुलतानची. ती मे २०२३ मध्ये लंडनमध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली. तिचं पातं जर्मन पात्यांच्या नमुन्यावर घडवलेलं आहे. एक मराठा सरदार, एक मुस्लिम सुलतान, आणि दोघांच्याही पात्याचं मूळ युरोपात!

माप कसं घ्यावं?

पात्याची लांबी मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात, बाकावरून नाही. मूठ धरून एकूण लांबी वेगळी लिहावी. रुंदी मुठीजवळ मोजावी. पातं आणि मूठ वेगवेगळ्या काळातली असू शकतात, कारण पातं टिकायचं आणि मूठ बदलली जायची. त्यामुळे फक्त मूठ बघून तलवार कुणाची ते ठरवू नये.

घरात जुनी तलवार असेल तर

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत तलवार धारदार शस्त्रांमध्ये मोडते. म्हणून आजोबांची आठवण असली, तरी परवान्याबाबत पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. लग्नात, मिरवणुकीत तलवार नाचवणं किंवा तिने केक कापून रील टाकणं, यात पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि नोकरीच्या वेळी तेच आड येतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी तलवार पुरावस्तू ठरते, ती खासगी माणसाला परदेशात नेता येत नाही. गंज काढायला ती कानशीने घासू नका. अक्षरं किंवा सोन्याचं काम एकदा गेलं की तिचा इतिहासही गेला.