तुंबलेल्या मोरीचे निदान : नळी, टाकी आणि माती

सेप्टिक टाकी असलेल्या घरात मोरीचे पाणी सावकाश ओसरू लागले, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो : घरातल्या नळ्यांत, टाकीत, किंवा टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिथे मुरते त्या जमिनीत. वर दिसणारे लक्षण मात्र बहुधा एकच असते. नेमका दोष कुठे, हे ओळखण्याची रीत घडायला सुमारे दोनशे वर्षे लागली. नळ्यांचे दोष आधी कळले, मग टाकीचे आणि मातीचे सर्वांत शेवटी.

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने संडासाच्या खालच्या नळीला वळण देण्याचे पेटंट घेतले. वळणात साठून राहणारे पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नसे. पुढच्या शतकात पाण्याचे संडास इंग्लंडमध्ये घरोघरी आले आणि गटाराच्या वायूमुळे रोग होतात ही समजूत पक्की झाली. १८७१ मध्ये ब्रिटनचा युवराज विषमज्वराने अत्यवस्थ झाला, तेव्हा स्कारबरोमध्ये तो ज्या घरात उतरला होता तिथल्या सांडपाण्याच्या व्यवस्थेवर ठपका आला. १८७८ मध्ये लीड्सचे शल्यचिकित्सक प्रिजिन टील यांनी घरगुती नळकामातले दोष चित्रांतून दाखवणारे पुस्तक काढले.

याच काळात नळ्या तपासण्याच्या पद्धती रूढ झाल्या. एक माणूस छपरावरच्या नळीच्या तोंडातून पेपरमिंटचे तेल आणि गरम पाणी ओतायचा, तर दुसरा घरात खोलीखोलीतून वास घेत फिरायचा. तेल ओतणाऱ्याने तपासणी संपेपर्यंत घरात पाऊल ठेवायचे नाही, असा दंडक होता. त्याच्या कपड्यांना लागलेल्या वासानेच निदान फसले असते. नळ्यांत धूर सोडूनही गळती शोधत.

हा सारा खटाटोप गळती शोधण्यासाठी होता, तुंबा शोधण्यासाठी नव्हे. तरी त्यातून हवेचे महत्त्व कळले. जोराने खाली जाणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते आणि शेजारच्या वळणातले पाणीही खेचून नेते. म्हणून नळ्यांना छपरापर्यंत हवेची नळी जोडण्याची पद्धत पडली. ती पाला किंवा घरट्याने बंद झाली, तर खाली काहीही अडकलेले नसताना बेसिन गुडगुडते आणि पाणी रेंगाळते.

टाकीचा इतिहास १८६०च्या सुमारास फ्रान्समधील व्हेसूल गावात सुरू होतो. झाँ-लुई मुरास याने घराचे सांडपाणी आणि मैला एका बंद टाकीत सोडला. काही वर्षांनी टाकी उघडली, तेव्हा ती गाळाने भरलेली असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घन पदार्थ फारच थोडा उरला होता. १८८१ मध्ये त्याने पेटंट घेतले. १८९५ मध्ये एक्सेटरचे नगर-अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशीच टाकी शहरासाठी बांधली, तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूवर तिथले दिवे लावले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमातील टाकीतून निघणारा वायू साठवून वापरण्याची सोय झाली.

या यशातून टाकी सगळे पचवते असा समज पसरला. तो अर्धाच खरा होता. जिवाणू मैल्याचा काही भाग विरघळवतात. वाळू, केस, तंतू आणि न पचलेला भाग तळाशी साठतो, तर तेल-तूप वर तरंगते. हे दोन थर वाढले की मधली जागा आक्रसते, घाण बसायला उसंत मिळत नाही आणि ती पाण्याबरोबर बाहेर पडते. त्यामुळे गाळ न उपसलेल्या टाकीचा पहिला फटका अनेकदा घराला नव्हे, तर जमिनीला बसतो.

जमिनीकडे लक्ष गेले ते अमेरिकेत. १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील हेन्री रायन यांनी खड्ड्यात पाणी भरून, त्याची पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो यावरून मातीची शोषणक्षमता मोजली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे इतक्या वेगाने वाढली की गटारे मागे पडली. लाखो घरांना टाक्या बसल्या, आणि त्यांतल्या कितीतरी घरांचे टाकीतले पाणी जमिनीत मुरवणारे चर काही वर्षांतच पाणी शोषेनासे झाले. सरकारी आरोग्य सेवेने सिनसिनाटीत अभ्यास करून १९५७ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. पंचा गुंडाळलेली काठी तळापर्यंत नेऊन गाळाची उंची कशी मोजायची, हे तिच्यात दिले होते. टाकीत टाकायच्या पुड्या आणि विकरांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असेही पुस्तिकेचे मत होते. १९७०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनाने चराच्या तळाशी धरणारा जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर तपशिलाने अभ्यासला. बाहेर घाण जितकी अधिक जाते, तितका हा थर दाट होतो.

आजचे निदानही याच क्रमाने चालते. एकच बेसिन सावकाश वाहत असेल तर दोष त्याच्या वळणात. सगळीकडे पाणी रेंगाळत असेल आणि सर्वांत खालच्या मोरीतून वर येत असेल, तर मुख्य नळीपासून पुढे पाहावे. मग टाकीचे झाकण उघडून पातळी बघायची. पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीत असूनही घर तुंबले असेल, तर अडथळा घर आणि टाकी यांच्यामध्ये किंवा टाकीच्या प्रवेशनळीत असतो. पातळी त्याहून वर असेल, तर बाहेरची नळी चोंदली आहे किंवा शोषखड्डा भरला आहे. उपसा करताना शोषखड्ड्याकडून पाणी उलटे टाकीत आले, तर जमीन तुडुंब आहे. दोष फक्त पावसाळ्यात दिसत असेल, तर संशय मातीवरच. ओली झाली की फुगून पाणी अडवणाऱ्या काळ्या मातीत हे विशेष घडते.

ही सारी तपासणी वरूनच करायची असते. टाकीतले वायू क्षणात जीव घेतात. भारतात २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकी किंवा गटार साफ करायला लावण्यास बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. गाळ उपसायचे काम पंपाच्या गाडीचे आहे.