जुन्या मोटारीचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, शिलालेख येतात, रुमालात बांधलेली मोडीची दप्तरे येतात. खानदेशात तर हे साहजिकच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, 1926 च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला, आणि 1927 साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच गावी उभे राहिले. अशा मुलखातल्या माणसाने वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या मोटारीला ऐतिहासिक साधन म्हणावे, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. पण वाचकहो, थोडा विचार करून पाहा. कागद खोटा लिहिता येतो. झिजलेले लोखंड मात्र सहसा खोटे बोलत नाही.

धुळे हे मुळात रस्त्यांचे गाव. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता यांची गाठ येथे पडते. दुसरा रस्ता पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. दक्षिणेला लळिंगचा चढ, चाळीसगावच्या पलीकडे कन्नडचा घाट, आणि वर उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारा पारा. मोटारीची परीक्षा घ्यावयाची तर याहून कडक परीक्षक कोठे शोधावा? सरकारी एस. टी. 1948 साली सुरू झाली. त्यापूर्वी या रस्त्यांवर खाजगी सर्व्हिस मोटारींचे राज्य होते. स्वातंत्र्यलढ्यातही मोटारीचा संबंध येतो. 14 एप्रिल 1944 रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये ताब्यात घेतले. साताऱ्याकडील प्रतिसरकारचे कार्यकर्ते त्या कामात होते.

या मोटारी आल्या कोठून? अमेरिकेतून, पण बऱ्याचशा मुंबईच्या वाटेने. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. पुढे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्यास डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी व डॉज-फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. महिंद्रांनी विलीज जीप जुळविण्यास प्रारंभ केला तोही याच काळात. नुसती जुळणी नको, हळूहळू सर्व भाग येथेच बनवा, असे धोरण सरकारने 1953 साली स्वीकारले, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथून काढता पाय घेतला. मग प्रीमियरची फियाट आली. पन्नाशीच्या दशकातल्या तिच्या गोलमटोल अवताराला मराठी माणसाने प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव ठेवले. 1957-58 च्या सुमारास अँबॅसॅडर आली, आणि ती 2014 पर्यंत तयार होत राहिली.

आता जरा सातासमुद्रापलीकडे पाहू. अमेरिकेत ज्या मोटारींना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचा खरा जन्म 1964 सालचा. त्या वर्षी पाँटिॲक जी. टी. ओ. बाजारात आली. युक्ती अगदी सोपी होती. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवावयाचे! आपल्या भाषेत सांगायचं तर दमणीला नांगराच्या चार जोड्या जुंपण्यासारखेच ते. ते इंजिन 6.4 लिटरचे, 325 अश्वशक्तीचे होते. त्याच वेळी आपल्याकडची फियाट 1.1 लिटरच्या इंजिनावर आणि चाळीसएक अश्वशक्तीवर सुखाने संसार करीत होती, म्हणजे आठपटींचा फरक. पण येथे एक नाते ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ बनत, त्याच क्रायस्लरने पुढे 1966 साली डॉज चार्जर आणि 1968 साली प्लिमथ रोडरनर काढल्या. खानदेशच्या रस्त्यावर धूळ उडविणारी जुनी डॉज आणि अमेरिकेतली ती पैलवान मोटार ही आतेमामे भावंडेच म्हणावयास हरकत नाही.

या भावंडांवर संकट आले तेही एकच. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडला आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या जवळपास गेला. धुराविषयीचे कायदे आणि विम्याचे वाढते हप्ते यांनी अमेरिकेतली ती मोठी इंजिने आधीच खिळखिळी केली होती; तेलाने त्यांना शेवटचा धक्का दिला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे मालकाने गाडी टाकली नाही, इंजिन काढले! जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेलचे बसविले. अँबॅसॅडरच्या पोटात मॅटॅडोरचे डिझेल इंजिन गेले. त्यासाठी लेथवाल्याने पट्ट्या कापल्या, मिस्त्रीने गिअरबॉक्सशी सांधा जुळविला. अमेरिकेने 1973 चा इतिहास पुस्तकांत लिहिला. आपल्या मिस्त्र्यांनी तो बॉनेटखाली वेल्डिंगने लिहून ठेवला. जुनी गाडी बाळगणाऱ्याने हे वाचायला शिकले पाहिजे.

जुनी गाडी बाळगणे म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, पैसेवाल्याचा षोक. पैसा लागतो हे खरे. पण त्याहून अधिक कान लागतो आणि सवड लागते. पंधरवड्यातून एकदा तरी इंजिन चांगले गरम होईपर्यंत गाडी चालवावी, नाहीतर कार्बोरेटरात पेट्रोल सुकून चिकटा धरतो आणि ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर चारी चाके ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. पावसाळ्यात उंदरांपासून वायरिंग जपावे. कुर्ल्याच्या जुन्या डॉज-प्लिमथ गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे आणि तिची अधिक टोके चेसिसला जोडलेली असत. आजच्या सवयीने उलटी जोडणी केली की घोटाळा झालाच म्हणून समजा. डिलकोतल्या पॉइंटांमधील फट बहुधा 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. दाढीची चार पाती एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी होते. उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. अशा वेळी पेट्रोल पंपावर ओली चिंधी गुंडाळून पाच-दहा मिनिटे थांबावे, हा उपाय आपल्या मिस्त्र्यांना केव्हापासून ठाऊक आहे. बघे जमतातच. “काय भो, चालू व्हयनी का?” या प्रश्नाला हसून उत्तर देण्याची तयारी हवी.

अलीकडे एक नवे संकट आहे. 2025 पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. शेतकऱ्याच्या उसाला आणि मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरातली रबरे नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीची घालावीत. टाकीही फार दिवस अर्धी रिकामी ठेवू नये.

आजच्या पैलवान मोटारींचेही दोन शब्द. फोर्ड मस्टँग 2016 पासून काही वर्षे भारतात रीतसर विकली गेली; पाच लिटर, आठ सिलिंडर. तिचा रोग कान लावून सापडत नाही, संगणकाची तार जोडावी लागते. तिचा मालक सांभाळण्याचे बिल देतो. जुन्या गाडीचा मालक सांभाळणे शिकतो. दोघांचा षोक खराच, पण शिकवण निराळी. अमेरिकेतही डॉजने आठ सिलिंडरांच्या चार्जर व चॅलेंजर गाड्या 2023 च्या अखेरीस बंद केल्या. म्हणजे कालची नवी गाडीही बघता बघता जुन्यांच्या पंगतीत येऊन बसली.

आता कायद्याकडे वळू. खरी अडचण तेथेच आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खाजगी दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षांची. नंबरात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे मिळतात. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणावयाची. हे सगळे ठीकच आहे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

म्हणजे पाहा, ज्या जीपने पेट्रोल महागल्यावर डिझेलचे काळीज बसवून घेतले आणि चाळीस वर्षे रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांतून काम केले, ती या व्याख्येत बसणे अवघड. श्रीमंताच्या गॅरेजमध्ये न वापरता राहिलेली गाडी ऐतिहासिक ठरते आणि राबलेली गाडी मात्र भंगारात जाते! मग मालक काय करतो? डिझेल इंजिन फेकून देतो, कोठून तरी मूळ जातीचे इंजिन मिळवून बसवितो, चकचकीत रंग देतो. गाडी सुंदर दिसते. पण तिच्या आयुष्याचे मधले पान फाडले गेलेले असते.

मी नियमाला दोष देत नाही. कोठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण रेघेच्या पलीकडचे जपणे आपल्या हातात आहे. त्याला खर्चही फार नाही. गाडी खोलण्यापूर्वी तिचे फोटो घ्या. काढलेला भाग भंगारवाल्याला न देता चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. आर. सी. बुक, विम्याचे जुने कागद, कराच्या पावत्या एकत्र बांधा. शिलालेखाचा ठसा घेतात तसा चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. लोखंड गंजले तरी कागद साक्ष देईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ बसा. कोणत्या साली कोणते इंजिन कोणत्या गाडीत बसविले, सांधा कसा जुळविला, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. हे ज्ञान कोणत्याही छापील पुस्तकात नाही. एक मिस्त्री गेला की एक अख्खे दप्तर जाते, आणि ते पुन्हा शोधावयास कोणी राजवाडे येणार नाहीत.