चोर सोडून संन्याशाला

अल गराफातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मित्राच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरची फोल्डरं एका सकाळी गायब झाली. नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. सगळ्यांनी एकमुखाने टोरंटला दोषी ठरवलं.

संशय जुनाच. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, २००१ मध्ये बिटटोरंट. डिस्क बिघडली की बोट तिकडेच. (व्हायरसही तिथून यायचे, तेव्हा अगदी संन्यासी नव्हेच म्हणा!) पण डिस्कची अनुक्रमणिका, म्हणजे डिरेक्टरी, असा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिते. टोरंट फक्त रात्रभर, वाट्टेल त्या क्रमाने तुकडे लिहायला लावतं. मध्येच वीज गेली तर अनुक्रमणिका अर्धवट राहण्याचा धोका त्यामुळे वाढतो, इतकंच.

यावर उपाय जर्नलिंग: बदल आधी टाचणवहीत टिपायचा, मग करायचा. एनटीएफएसमध्ये ते १९९३ पासून होतं, मॅकमध्ये २००२ मध्ये आलं. मित्राची डिस्क मात्र १९९६ च्या फॅट३२ पद्धतीची, कारण ती विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चाले. तिला टाचणवहीच नाही.

त्या सकाळी चहाच्या किटलीसाठी डिस्कचा प्लग मीच काढला होता. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.