चेनसॉचा सायलेन्सर आणि त्यातील फेरफार

चेनसॉचा सायलेन्सर : पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीच्या एंजिनातून जळका वायू बाहेर सोडणारा, त्याचा आवाज दाबणारा आणि ठिणग्या अडवणारा पत्र्याचा डबा. एंजिनाची ताकद वाढावी म्हणून या डब्याचे तोंड मोठे करणे, आतले पडदे काढणे किंवा दुसरे भोक पाडणे या कामांना सायलेन्सरमधील फेरफार म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब आणि निलगिरी तोडण्यासाठी, तसेच वखारीत ओंडक्यांचे तुकडे करण्यासाठी ही करवत वापरतात. बोलण्यात तिला ‘कटर मशीन’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात.

पूर्वपीठिका : जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर आणि 1929 मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत बनवली. पुढे आवाज आणि धूर यांवरील कायदे कडक होत गेले. ते पाळण्यासाठी उत्पादकांनी सायलेन्सरचे तोंड लहान केले आणि काही यंत्रांत उत्प्रेरकही बसवला. त्यात एंजिनाचा श्वास थोडा कोंडतो, आणि फेरफाराची कल्पना तिथूनच निघते.

कार्य : चेनसॉचे एंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते आणि भार नसताना मिनिटाला 12,000 ते 14,000 फेरे घेते. पिस्टन खाली जाताना निकास दार उघडते, जळका वायू बाहेर पडतो आणि त्याच्या पाठोपाठ ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. वाट अरुंद असेल तर जळका वायू मागे उरतो आणि ताज्या मिश्रणाला जागा कमी पडते. वाट मोकळी केली की वरच्या फेऱ्यांवर ताकद वाढते. मात्र ती गरजेपेक्षा मोठी केली तर ताजे मिश्रण न जळताच बाहेर जाते, पेट्रोल वाया जाते आणि खालच्या फेऱ्यांवरचा जोर कमी होतो. म्हणून सायलेन्सरचे तोंड निकास दाराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे 80 टक्क्यांपुढे नेऊ नये, असा जाणत्या कारागिरांचा ठोकताळा आहे.

कार्बोरेटरची जुळणी : तोंड मोठे केल्यावर एंजिन जास्त हवा ओढते आणि मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी पडतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोलबरोबर वंगणही घटते. सिलिंडर तापतो, पिस्टनवर आधी निकास बाजूला चरे उमटतात आणि शेवटी पिस्टन जाम होतो. म्हणून हाय स्पीडचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने थोडा सोडावा लागतो. भार नसताना पूर्ण रेस दिली की आवाज किंचित फुटका यावा आणि बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) लाकडात उतरताच तो स्वच्छ व्हावा, ही बरोबर जुळणीची खूण. प्लग खाकी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी आणि काळा-तेलकट असेल तर जास्त समजावे.

सोलापुरातील विशेष बाबी : उन्हाळ्यात इथला पारा 40 अंशांच्या वर जातो आणि तापलेली हवा विरळ असते. मे महिन्यातल्या दुपारी जुळवलेला कार्बोरेटर डिसेंबरच्या गार पहाटे कोरडा पडतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते, कारण गार हवा दाट असते. पेट्रोलमधील इथेनॉलचाही असाच परिणाम होतो. उसाच्या या जिल्ह्यातल्या आसवन्यांत इथेनॉल तयार होते. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळण्यासाठी साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे तीच जुळणी आणखी कोरडी होते. कित्येक उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. सायलेन्सर उघडलेल्या यंत्रात ही सारी कारणे एकत्र आली की पिस्टन लवकर जातो.

ठिणगीची जाळी : सायलेन्सरच्या तोंडाशी तारेची बारीक जाळी असते. अमेरिकेच्या वनसेवेच्या निकषानुसार तिचे छिद्र सुमारे 0.6 मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. तापलेल्या काजळीचे कण ती आत अडवते. सोलापूरचे माळ हिवाळा सरताच वाळतात. 1979 मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य नान्नजच्या अशाच गवताळ माळावर आहे. वाळल्या गवतात पडलेली एक ठिणगी सगळा माळ पेटवू शकते. म्हणून फेरफार केला तरी नव्या तोंडावर जाळी बसवलीच पाहिजे.

हीच जाळी काजळीने बुजली की यंत्र ‘दम टाकते’. फिटर सायलेन्सर खोलतो तेव्हा जाळीवर डांबरासारखा काळा थर दिसतो. तो तारेच्या ब्रशने खरवडला की गेलेली ताकद बऱ्याचदा परत येते आणि भोक पाडायची गरजच उरत नाही.

आवाज आणि कायदा : मूळ सायलेन्सर असतानाही चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबलच्या पुढे जातो. भारतातील कारखानाविषयक नियमांनुसार 90 डेसिबलमध्ये आठ तास, 105 मध्ये एक तास आणि 110 मध्ये अर्धा तासच काम करता येते. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे उघड्या सायलेन्सरचा पहिला फटका चालवणाऱ्याच्या कानांना बसतो. बुलेटच्या फेरफार केलेल्या सायलेन्सरवर मोटार वाहन कायद्याने कारवाई होते. चेनसॉ वाहन नसल्याने तो कायदा तिला लागू होत नाही. परंतु 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे.

मूल्यमापन : फेरफाराने ताकद वाढते हे खरे, पण ती मोठ्या बारवर आणि सलग कापणीतच जाणवते. बोथट चेनवर ती वाया जाते. बाभळीसारख्या कठीण लाकडात गोल कानशीने नीट लावलेली धार, स्वच्छ एअर फिल्टर आणि साफ जाळी यांनीच कापणीचा वेग आधी वाढतो. हे सर्व करूनही यंत्र कमी पडत असेल तरच सायलेन्सरला हात लावावा, त्याच बैठकीत कार्बोरेटर जुळवावा आणि जाळीशिवाय यंत्र माळावर नेऊ नये.