सौर विद्युत् धोरण, महाराष्ट्राचे

सूर्यप्रकाशापासून सौर घटांच्या साहाय्याने मिळणाऱ्या विजेचा प्रसार व्हावा, यासाठी महाराष्ट्र शासनाने वेळोवेळी केलेले नियम, दिलेल्या सवलती व राबविलेल्या योजना यांचा या धोरणात समावेश होतो. प्रारंभी ते कोळशाला पूरक असा ऊर्जास्रोत उभारण्याच्या हेतूने आखले गेले; पुढे मात्र कृषिपंपाला दिवसा वीज कशी द्यावी, हा प्रश्न त्याचा गाभा बनला.

पार्श्वभूमी : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. मंडळाने पुढील दशकांत खेडोपाडी वीज नेली व मोटेची जागा विद्युत् पंपाने घेतली. पंपांची संख्या वाढत गेली, तसा वीजपुरवठा अपुरा पडू लागला आणि शेतीला चक्राकार पद्धतीने, म्हणजे काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, वीज देण्याची प्रथा रूढ झाली. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्यात या पद्धतीचा अर्थ सहज कळतो. रब्बीतील गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस थंडीचे असतात. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात बांधावर उभे राहून पाणी वळवावे लागते. त्यात सर्पदंशाचे भय असते, शिवाय पाणीही वाया जाते. दुसरीकडे शेतीचा वीजदर उत्पादनखर्चाहून कमी ठेवल्याने तूट भरून काढण्याचा भार शासकीय अनुदानावर आणि उद्योगांच्या चढ्या दरांवर पडत राहिला.

मराठवाड्यात आणखी एक अडचण होती. औष्णिक वीजकेंद्राला पाणी मोठ्या प्रमाणात लागते. परळी येथील केंद्र २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. सौर घटांना वीजनिर्मितीसाठी पाणी लागत नाही. ते केवळ घटफलक धुण्यापुरते लागते. अवर्षणप्रवण प्रदेशाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरला.

धोरणाची वाटचाल : अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसारासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) १९८५ मध्ये स्थापन झाले. केंद्र शासनाने जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने वितरण कंपन्यांवर आपल्या एकूण विजेपैकी ०.२५ टक्का वीज सौर स्रोतांतून घेण्याचे बंधन घातले. प्रमाण एवढे अल्प असण्याचे कारण किंमत हे होते; त्या वेळी सौर विजेचा निर्धारित दर प्रती युनिट १७ रुपयांहून अधिक होता. महानिर्मिती कंपनीचा धुळे जिल्ह्यातील साक्री येथील १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. घटांच्या किंमती झपाट्याने उतरल्या, तशी उद्दिष्टे वाढत गेली. जुलै २०१५ च्या धोरणात अपारंपरिक विजेच्या १४,४०० मेगावॉटपैकी ७,५०० मेगावॉट, तर डिसेंबर २०२० च्या धोरणात १७,३६० पैकी १२,९३० मेगावॉट वाटा सौर विजेचा होता.

शेतीसाठी दोन मार्ग : पहिला मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेद्वारे एक लाख पंप देण्याचे ठरले. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के होता. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू केली. या मार्गाने शेतकरी भारनियमनातून व वीजबिलातून मुक्त होतो. परंतु ढगाळ दिवसांत उपसा घटतो आणि उपकरणांच्या देखभालीसाठी पुरवठादारावर अवलंबून राहावे लागते.

दुसरा मार्ग संपूर्ण कृषिवाहिनीच सौर विजेवर आणण्याचा. जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली. उपकेंद्राजवळील जमिनीवर लहान प्रकल्प उभारून त्याची वीज तेथील पंपांना दिवसा द्यावयाची, ही तिची मूळ कल्पना होय. जमिनी मिळण्यात व निविदांना प्रतिसाद मिळण्यात अडचणी आल्याने आरंभीची प्रगती मंद राहिली. २०२३ मध्ये योजनेचे दुसरे रूप आले. त्यात खाजगी जमिनीस प्रतिहेक्टर प्रतिवर्षी सव्वा लाख रुपये भाडे व त्यात वार्षिक ३ टक्के वाढ अशी तरतूद करण्यात आली. ग्रामपंचायतींसाठीही प्रोत्साहनपर निधी ठेवण्यात आला. निविदांतून मिळालेला दर प्रती युनिट सु. ३ रुपये होता. या योजनेतील पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे, २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३ मेगावॉट आहे.

भौगोलिक अनुकूलता : उमरी सु. १९° उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य तेथे मध्यान्ही डोक्यावर येतो. पैकी जुलैमधील प्रकाश पावसाळी ढगांमुळे उणावतो. मात्र त्या काळी सिंचनाची गरजही कमी असते. रब्बी हंगामात आकाश बहुधा निरभ्र असते व सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून घटफलक दक्षिणाभिमुख व तिरपे बसवितात. अशा रीतीने सिंचनाचा मुख्य काळ व सौर विजेचा चांगला काळ यांचा बऱ्याच अंशी मेळ बसतो. पंपासाठी दिवसाची वीज पुरेशी असल्याने विजेच्या साठवणुकीचा खर्चही टळतो.

मर्यादा : पाणी उपसण्याचा चालू खर्च जवळजवळ शून्यावर आला की उपशावरचा आर्थिक अंकुश सुटतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज देण्याच्या निर्णयानेही तोच परिणाम संभवतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून त्यातील भूजलसाठा मर्यादित आहे. त्यामुळे विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठू शकते. एक मेगावॉटच्या प्रकल्पास सु. दोन हेक्टर जमीन गुंतते. भाड्याचा लाभ जमीनमालकास मिळतो, तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीन मजुरास मिळत नाही. विजेचा प्रश्न सोडविताना पाण्याचा प्रश्न बिकट होऊ नये, यासाठी सौर पंपांबरोबर ठिबक सिंचन, पीकपद्धतीतील बदल व भूजलाचे सामुदायिक नियमन यांची जोड आवश्यक आहे. रात्रीची पाळी संपविणे हे या धोरणाचे मोठे यश ठरेल. मात्र ते टिकणे विहिरीतील पाण्यावर अवलंबून आहे.