मुलांचे शिकणे, भाषा आणि आनुवंशिकता

एखादे मूल उशिरा बोलते, किंवा तिसरीत जाऊनही अडखळत वाचते. अशा वेळी घरात आणि शाळेत सहज म्हटले जाते, ‘याच्या रक्तातच नाही.’ शिकण्यावर आणि भाषेवर आनुवंशिकतेचा प्रभाव खरोखर असतो. पण त्यावरून मुलाचे भविष्य ठरत नाही.

जुळ्यांवरून काय समजले?

एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखीच असतात. भिन्न जुळ्यांमध्ये हे साम्य सरासरी निम्मे असते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा काढतात. अशा अभ्यासांनुसार, मुलांच्या वाचनक्षमतेत जो फरक दिसतो त्यातला साधारण ६० ते ७० टक्के फरक जनुकांशी जोडता येतो. लहान वयातील भाषेबाबत मात्र घरातील वातावरणाचा वाटा मोठा असतो.

हे टक्के एका मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत. गोंदिया जिल्हा धानाचा, म्हणून धानाचेच उदाहरण घेऊ. सगळ्या बांध्यांना सारखे पाणी मिळाले, तर पिकातला फरक मुख्यतः बियाण्याचा असतो. निम्म्या बांध्या कोरड्या राहिल्या, तर तोच फरक पाण्याचा होतो. बियाणे तेच, टक्के वेगळे.

भाषेचे एकच जनुक असते का?

लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळपास निम्म्या व्यक्तींना उच्चार आणि भाषेची गंभीर अडचण होती. २००१ मध्ये त्याचे कारण सापडले. सातव्या गुणसूत्रावरील फॉक्सपी-२ या जनुकात बदल झालेला होता. असे उदाहरण दुर्मीळ आहे. डिस्लेक्सियावरील २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील ४२ जागा आढळल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी लहान होता. म्हणून रक्त तपासून डिस्लेक्सियाचे निदान करता येत नाही.

सिकलसेल आणि अभ्यास

गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. तो बुद्धीचा आजार नाही. पण रक्तक्षय, वेदना आणि त्यामुळे बुडणारी शाळा यांचा अभ्यासावर परिणाम होतो. काही मुलांमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा नकळत अडतो आणि लक्ष, स्मरणशक्ती कमी पडू लागते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. साधी रक्ततपासणी ही गोष्ट दाखवते. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे.

घरची भाषा म्हणजे दोष नव्हे

गोंदिया तालुक्यातील कामठा आणि आसपासचा भाग मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. जिल्ह्यात अनेक घरांत पोवारी, हिंदी किंवा गोंडी बोलली जाते आणि शाळेत मराठी असते. पहिलीतले मूल वर्गात गप्प बसले, तर आधी विचारावे, ‘घरी कसे बोलते?’ घरी मोकळेपणाने बोलत असेल, गोष्ट सांगत असेल, तर ते नवी भाषा शिकत आहे. त्याला वेळ द्यावा. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. घरच्या भाषेतही बोलणे मागे असेल, तर मात्र तपासणी हवी.

पालकांनी काय करावे?

- सर्वांत आधी ऐकणे तपासावे. जन्मजात बहिरेपणा अनेकदा आनुवंशिक असतो आणि लवकर कळला तर भाषा वाचवता येते.
- दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर थांबू नये. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे.
- आई, वडील किंवा भावंडांना वाचनाची अडचण असेल, तर ते शिक्षकांना सांगावे. मदत लवकर सुरू होते.
- अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण आठव्या वर्षानंतर पक्के होते. सराव त्याआधीच सुरू करावा.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि सिकलसेल, दोन्ही आहेत. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते.

जनुके बदलता येत नाहीत. पण ऐकण्याची तपासणी, सिकलसेलवरील उपचार, रोजच्या गप्पा आणि योग्य पद्धतीने शिकवलेले वाचन हे सगळे आपल्या हातात आहे. ‘रक्तातच नाही’ म्हणून थांबलो, तर मुलाच्या वाट्याचे पाणी आपणच तोडतो.